सर्व्हे दरवर्षी होतो, स्टाफ बस दरवर्षी रिकामी धावते: बिघाड नेमका कुठे शोधायचा

ही तक्रार नेहमी एकाच क्रमाने येते. पार्किंग पुरत नाही, लोक उशिरा पोचतात, म्हणून कंपनी येण्याजाण्याचा सर्व्हे करते. बहुतेक जण लिहितात, बस द्या, आम्ही येऊ. बस सुरू होते. पहिले आठ-दहा दिवस बरी भरते, मग ४० सीटच्या गाडीत दहा-बारा माणसं उरतात. पार्किंग तसंच तुडुंब. काही महिन्यांनी खर्चाचा हिशोब निघतो, बस बंद होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच फॉर्म सगळ्यांच्या मेलवर येतो. कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे. हे चक्र मी तीनदा पाहिलं, आणि त्यातल्या एका वेळी फॉर्म मीच तयार केला होता.

त्या फॉर्ममध्ये मी लोकांना काय हवं ते विचारलं होतं. ते काल घरून निघून ऑफिसात कसे पोचले, आणि संध्याकाळी परत कसे गेले, हे विचारलंच नव्हतं. या चक्राचं मूळ मला तिथे सापडलं, म्हणून इथे जरा तपशिलात लिहिते.

नवा फॉर्म काढण्याआधी सीट मोजा

बस चालू असेल तर तीन-चार दिवस एका माणसाला गाडीत बसवा. प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले, गाडी किती वाजता आली, एवढंच लिहायचं. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी. हे काम ड्रायव्हरवर टाकू नका, त्याचं लक्ष रस्त्यावर हवं.

बिघाड कुठल्या बाजूला आहे ते या आकड्यांवरून बरंचसं कळतं. सकाळी गाडी भरते आणि संध्याकाळी रिकामी जाते, तर गाडी सुटायची वेळ आणि काम संपायची वेळ जुळत नाही. उलट असेल, तर सकाळी लोकांना घरचं कोणी सोडत असेल, किंवा त्यांना वाटेत मुलांना शाळेत पोचवायचं असेल. पहिल्या आठवड्यात भरलेली बस हळूहळू ओसरली, तर भरवसा गेला आहे: गाडी एकदा पाच मिनिटं आधीच निघून गेली, एकदा वीस मिनिटं उशिरा आली, आणि लोकांनी मनातल्या मनात तिच्यावर फुली मारली. मंगळवार-बुधवारी भरते आणि सोमवार-शुक्रवारी ओस पडते, तर तो घरून काम करण्याच्या दिवसांचा परिणाम आहे. तिथे मार्ग बदलू नका, त्या दोन दिवशी लहान गाडी लावा. आणि पहिल्या दिवसापासूनच रिकामी असेल, तर मार्ग चुकला आहे. म्हणजेच ज्या माहितीवरून तो आखला ती माहिती चुकली आहे.

शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त वेळा आढळतो. त्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

फॉर्ममधले चुकणारे प्रश्न

‘बस सुरू केली तर वापराल का?’ हा प्रश्न काढून टाका. त्याला ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. कोणी भलेपणाने हो म्हणतं, कोणी पुढेमागे उपयोग होईल म्हणून. आणि एक गट असा असतो की त्याला बस दुसऱ्यांसाठी हवी असते: बाकीचे बसने गेले की रस्ता मोकळा होईल, पार्किंगला जागा मिळेल आणि आपण आपल्या गाडीनेच येऊ. ही माणसं खोटं बोलत नाहीत. प्रश्नच असा आहे की तिन्ही प्रकारची उत्तरं एकाच रकान्यात जाऊन पडतात.

दुसरा घातक शब्द म्हणजे ‘सहसा’. तुम्ही सहसा कशाने येता? तीन दिवस गाडीने आणि दोन दिवस रेल्वेने येणारा माणूस इथे ‘गाडी’ लिहितो आणि त्याचा रेल्वेचा प्रवास कागदावरून पुसला जातो. अमेरिकेच्या जनगणना खात्याचा मोठा वार्षिक सर्व्हेही हाच प्रश्न विचारतो: गेल्या आठवड्यात तुम्ही सहसा कशाने कामावर गेलात, आणि एकापेक्षा जास्त साधनं असतील तर ज्याने सगळ्यात जास्त अंतर कापलं ते सांगा. देशभराचं चित्र पाहायला ते ठीक आहे. पण ज्याला एका इमारतीसाठी शटल, म्हणजे स्टेशन ते ऑफिस फेऱ्या मारणारी गाडी, आखायची आहे त्याला नेमका गाळलेला भाग हवा असतो. स्टेशनवर उतरल्यावरचे शेवटचे दोन किलोमीटर माणूस कसा येतो, आणि पाऊस असेल तेव्हा काय करतो, हेच तर आपल्याला सोडवायचं आहे.

म्हणून प्रश्न असा करा: गेल्या आठवड्यातला प्रत्येक दिवस घ्या. घरून किती वाजता निघालात, कोणत्या टप्प्याला कोणतं साधन, कुठे किती वेळ थांबलात, किती वाजता पोचलात. मग परतीचा प्रवास, तसाच, वेगळा. आठवडाभराचं आठवणं जड जात असेल तर फक्त कालचा दिवस विचारा आणि वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वारी विचारा, म्हणजे सगळे मिळून आठवडा भरतो. कालचा दिवस क्रमाने आठवून सांगायला लावण्याची पद्धत संशोधनातही वापरली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंग एकामागून एक लिहायला सांगितले होते. दिवसभराच्या सगळ्या कामांमध्ये सकाळी कामावर जाण्याचा प्रवास आनंदाच्या मोजणीत तळाला होता. हा निष्कर्ष मला आमच्या व्यवस्थापनाला सांगावासा वाटला, कारण ‘येण्याजाण्याचं एवढं काय’ असं म्हणणारं कोणीतरी प्रत्येक बैठकीत असतंच.

आणखी एक ओळ नक्की घाला: ‘वाटेत कुठे थांबलात?’ मुलांची शाळा, आईवडिलांचं औषध, बाजार. ज्याचा रस्ता असा वळणावळणाचा आहे त्याला सरळ जाणारी बस कितीही आरामदायी असली तरी उपयोगाची नाही. त्याचं नाव बसच्या अपेक्षित प्रवाशांतून वजा करा. हे काम घरात ज्यांच्या वाट्याला येतं त्यात बायका जास्त असतात, त्यामुळे हा प्रश्न गाळला की आखणी आपोआप पुरुषांच्या प्रवासाला धरून होते.

उत्तर न देणारे कुठे राहतात?

मेलवर पाठवलेला फॉर्म ज्यांच्याकडे कंपनीचा मेल आहे त्यांनाच पोचतो. सफाई, सुरक्षा, कॅन्टीन, गोदाम, कंत्राटी कामगार, रात्रपाळी, ही माणसं तिथेच गळतात. आणि बहुतेक ठिकाणी वाहतुकीची सगळ्यात जास्त अडचण यांनाच असते, कारण त्यांची पाळी सुरू होते किंवा संपते तेव्हा सार्वजनिक वाहतूक एकतर सुरू झालेली नसते किंवा थांबलेली असते.

समजा १,००० जण कामाला आहेत आणि ३०० जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या १५० जणांनी बस हवी म्हटलं. अहवालात ‘५० टक्के लोकांना बस हवी’ असं लिहिलं जातं आणि कोणीतरी ५०० सीटचा हिशोब मांडतं. प्रत्यक्षात तुम्हाला ३०० जणांचं म्हणणं कळलं आहे आणि ७०० जणांचं काहीच कळलेलं नाही. वाहतुकीने त्रासलेला माणूस फॉर्म हटकून भरतो, चालत दहा मिनिटांत पोचणारा भरत नाही. त्यामुळे उरलेल्या ७०० मध्येही निम्म्यांना बस हवी असेल असं धरायला काही आधार नाही.

उपाय सोपा आहे, फक्त पाय दुखतात. पाळी बदलताना गेटवर उभं राहा आणि दोन मिनिटांत तोंडी तीन प्रश्न विचारा: आज कसे आलात, किती वेळ लागला, परत कसे जाणार. विभाग आणि पाळीनुसार किती जणांनी उत्तर दिलं त्याचा वेगळा तक्ता ठेवा. ज्या रकान्यात आकडे अगदीच कमी आहेत तिथे पुन्हा जा.

याच वेळी गेटवरची मोजणीही उरकून घ्या. प्रत्येक प्रवेशद्वारावर, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, पायी किती, सायकल किती, दुचाकी किती, चारचाकी किती आणि त्या चारचाकीत माणसं किती. एक मधला वार, एक सोमवार आणि एक शुक्रवार घ्या. फॉर्ममध्ये वीस टक्के लोक ‘शेअर करून येतो’ म्हणत असतील आणि गेटवर जवळपास प्रत्येक गाडीत एकच माणूस दिसत असेल, तर गेटवर विश्वास ठेवा.

सरासरी आणि वर्तुळ, दोन्ही फसवतात

पाच जण ऑफिसपासून ३ किलोमीटरवर राहतात आणि पाच जण २५ किलोमीटरवर. सरासरी १४ किलोमीटर. त्या १४ किलोमीटरवर कोणीही राहत नाही, पण तेवढ्या अंतराची बस मात्र आखली जाते. जवळच्यांना सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि रस्ता ओलांडायला नीट सोय हवी असते, लांबच्यांना थेट बस किंवा एकत्र गाडी. या दोन गटांना एका आकड्यात घालू नका. घराचं अंतर, पाळीची वेळ आणि आठवड्यातले ऑफिसला येण्याचे दिवस, या तीन गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय मार्ग आखायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. एकाच वस्तीत बारा माणसं राहतात म्हणून थांबा दिला, आणि नंतर कळलं की ती बारा माणसं चार पाळ्यांत विभागलेली आहेत, हे मी पाहिलं आहे.

नकाशावर ऑफिसभोवती वर्तुळं काढणंही तसंच. मध्ये नदी असेल, रेल्वेचे रूळ असतील किंवा पूल नसलेला महामार्ग असेल तर दोन किलोमीटरवरच्या माणसाला सहा किलोमीटरचा वळसा पडतो. अंतरापेक्षा वेळ धरा, आणि तोही त्या माणसाच्या निघण्याच्या वेळेचा. सकाळी सहाचा आणि सकाळी नऊचा रस्ता एक नसतो.

परतीचा भरवसा

आमच्या एका बसची गोष्ट सांगते, कारण याच ठिकाणी मला खरं कारण सापडलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. सकाळची वेळ बरोबर, मार्ग बरोबर, गाडी स्वच्छ, तरी माणसं येईनात. मी संध्याकाळी गेटजवळ उभी राहून एकेकाला थांबवत होते. हिशोब विभागातली एक जण म्हणाली, “मॅडम, बस सहाला सुटते. आठवड्यातले दोन दिवस माझं काम साडेसहापर्यंत लांबतं. कोणते दोन ते मला सकाळी माहीत नसतं. म्हणून पाचही दिवस मी माझी गाडी आणते.”

पाच दिवसांतले तीन दिवस ती बस तिच्या उपयोगाची होती आणि ती एकही दिवस बसली नाही. नंतर विचारत गेले तसं हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत येत राहिलं. मूल आजारी पडलं आणि शाळेतून फोन आला तर मधूनच कसं जायचं? शेवटच्या क्षणी बैठक लागली तर? माणूस सकाळी साधन निवडतो ते संध्याकाळच्या सगळ्यात वाईट शक्यतेकडे बघून.

यावर बऱ्याच ठिकाणी चालणारा उपाय म्हणजे परतीची हमी: जो त्या दिवशी बसने, सायकलने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून आला आहे, त्याला अडचण आली तर कंपनी आपल्या खर्चाने घरी पोचवते. महिन्यात किंवा वर्षात किती वेळा, याची मर्यादा घालता येते. सुरू करताना लेखा विभाग घाबरतो, पण ही सोय ज्यांच्या हाताशी असते त्यातले फार थोडे ती वापरतात. माणसाला सोय आहे हे माहीत असणं पुरतं. जोडीला उशिराची एक लहान गाडी ठेवली तर आणखी बरं.

शटल असेल तर वेळेची शिस्त तपासा

स्टेशन ते ऑफिस अशी फेऱ्या मारणारी गाडी असेल तर ‘तासाला दोन फेऱ्या’ एवढ्यावर समाधान मानू नका. दर ३० मिनिटांनी नेमाने गाडी आली, तर कधीही येऊन उभा राहिलेला माणूस सरासरी १५ मिनिटं थांबतो. तेवढ्याच दोन फेऱ्या, पण एकदा १० मिनिटांनी आणि एकदा ५० मिनिटांनी येऊ लागल्या, तर सरासरी थांबणं २१ मिनिटांच्या पुढे जातं, कारण बहुतेक लोक त्या लांब ५० मिनिटांच्या फटीतच येऊन उभे राहतात. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, वैताग मात्र दीडपट. आणि उभं राहून थांबण्याचा वेळ माणसाला गाडीत बसलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जड वाटतो. नवी गाडी मागण्याआधी आहेत त्या गाड्यांमधलं अंतर सारखं करून पाहा.

फुकट पार्किंग हीसुद्धा वाहतुकीची सोय आहे

याबद्दल कोणी सर्व्हेत विचारत नाही. कंपनी जागा भाड्याने घेते किंवा बांधते, गाडीने येणाऱ्याला ती फुकट देते, आणि चालत येणाऱ्याला काहीच देत नाही. मग बस का भरत नाही असं विचारते. कॅलिफोर्नियात १९९२ साली असा कायदा झाला की काही मालक भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा कर्मचाऱ्यांना फुकट देत असतील तर त्यांनी ती न वापरणाऱ्याला तेवढे पैसे रोख घेण्याचा पर्याय द्यायचा. पार्किंगचे अभ्यासक डोनल्ड शूप यांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला: एकट्याने गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलं. नवी बस नाही, नवा रस्ता नाही. तुमच्याकडे रोख देणं जमत नसेल तरी गाडी शेअर करणाऱ्यांना दाराजवळच्या जागा राखून ठेवणं आजपासून जमू शकतं.

माहिती मागता, तर ती जपा

घर कुठे, किती वाजता निघता, रात्री कुठे उतरता, ही नाजूक माहिती आहे. पूर्ण पत्ता मागू नका, पिनकोड किंवा जवळचा थांबा पुरतो. पाचपेक्षा कमी माणसांचा गट अहवालात वेगळा दाखवू नका, शेजारच्या गटात मिळवा. आणि ही माहिती हजेरीसाठी कधीही वापरू नका. एका ठिकाणी लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलेली घरून निघण्याची वेळ त्यांच्या साहेबांपर्यंत पोचली आणि ‘थोडं लवकर निघत जा’ असं ऐकवण्यासाठी वापरली गेली. पुढच्या वर्षी त्या विभागातून जवळजवळ कोणीच फॉर्म भरला नाही. मला त्याचा राग अजून येतो, कारण तिथली माणसं दोन-दोन तास प्रवास करत होती आणि मदत करण्याची संधी आम्ही स्वतःच घालवली.

दुरुस्ती केल्यावर

बदल केव्हा सुरू करता याला महत्त्व आहे. माणसं सवयीच्या रस्त्याला चिकटून राहतात, तो चांगला आहे म्हणून नाही, दुसरा कधी पाहिलेलाच नसतो म्हणून. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत संप झाला, काही स्थानकं बंद राहिली, लोकांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. संप संपल्यावर सुमारे ५ टक्के प्रवासी जुन्या वाटेवर परतलेच नाहीत, हे तिथल्या प्रवासी कार्डांच्या नोंदींवरून दिसलं. म्हणून ऑफिसची जागा बदलते तेव्हा, पाळ्या बदलतात तेव्हा, नवा माणूस रुजू होतो तेव्हा, पहिल्याच दिवशी त्याच्या हातात त्याच्या घरापासूनचा मार्ग ठेवा आणि पहिले दोन आठवडे मोफत प्रवास द्या. सहा महिने गाडी चालवून झाल्यावर पत्रक देऊन काही होत नाही.

यश मोजताना किती जणांनी बसचा पास काढला ते पाहू नका. रोज प्रत्यक्ष किती चढले, किती फेऱ्या वेळेवर सुटल्या आणि त्याच महिन्यात गेटवर एकट्या माणसाच्या गाड्या किती कमी झाल्या ते पाहा. वर्षातून एक भलामोठा फॉर्म काढण्यापेक्षा दर तिमाहीला एका दिवसाची गेटमोजणी आणि ‘काल कसे आलात?’ एवढा एक प्रश्न ठेवा. लोक घर बदलतात, पाळ्या बदलतात, आणि वर्षभरापूर्वीचा नकाशा तोपर्यंत जुना झालेला असतो.

त्या सहाच्या बसचं पुढे असं झालं. आम्ही ती ६.२० ला सोडायला लागलो, ७.३० ला एक लहान गाडी ठेवली आणि परतीची हमी लेखी दिली. दोन महिन्यांत सगळे थांबे भरू लागले, एक सोडून. तिथे सकाळी माणसं चढत होती, संध्याकाळी मात्र बसत नव्हती. मी एका संध्याकाळी त्या थांब्यापर्यंत बसने गेले. परतीच्या वेळी गाडी महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला उतरवत होती, अंधारात, आणि वस्ती अलीकडे होती. थांबा पुढच्या पुलाखालून वळून अलीकडे आणला. फेरीला चार मिनिटं जास्त लागू लागली.